अंबारीतून उधळलेल्या मोहरा

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. हात मोठा सढळ, पण तो हात नेहमी हत्तीवरच्या अंबारीतून खाली यायचा. राजाने मोहरा उधळाव्यात, लोकांनी वेचाव्यात, वर जयजयकार करावा. त्याच्या राज्यात मान म्हणतात तो हाच.

एकदा राणी मंदारवतीला घेऊन तो सात डोंगरांपलीकडे, गरम झऱ्यांच्या देशी हवापालटाला गेला. आठ दिवस सुखाने राहिला. निघताना, आठ दिवस आपल्यासाठी राबलेल्या माणसांवर त्याने अंबारीतून मूठभर मोहरा उधळल्या. एकही माणूस वाकला नाही. त्या देशात नाणी उधळतात ती फक्त प्रेतावर. राजाला हे ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारील तर तो राजा कसला!

तिथल्या मांत्रिकाने शाप दिला, "जिवंतांना मेलेलं मानलंस. हे आठ दिवस तुझ्यापुरते मेले."

राजा हसला आणि हत्ती पुढे निघाला. पण त्याच हिवाळ्यात राणी वारली. तिच्या सहवासातले ते शेवटचे निवांत दिवस तो आठवू गेला, तर आत नुसता अंधार. राजाने अन्न टाकलं, दरबार ओस पडला. अखेर राणीची पाळीव साळुंकी, त्या प्रवासात तिच्यासोबत असलेली, बोलली, "तिघांनी तुमची सेवा केली. पायी जा. शेजारी बसा, नाव विचारा, मग हातात हात घेऊन मोहर द्या. तिथली रीत तीच."

राजा पायी गेला. आचाऱ्याच्या चुलीपाशी मांडी घालून बसला, नाव विचारलं. तो रुद्राजी. त्याच्या तळहातावर मोहर ठेवताच राजाच्या जिभेवर चव आली, राणीने आपल्या ताटातून भरवलेल्या घावनाची. नावाडी होता धाकू. त्याचा हात हातात घेतला आणि पाण्यावरचं राणीचं हसू राजाच्या कानी आलं. किती दिवसांनी ऐकलं त्याने ते.

तिसरी न्हाणीघरात पाणी काढून देणारी म्हातारी. तिने मोहर घेतलीच नाही.

"मला राणीसाहेबांनी दिलंय. पहिल्याच दिवशी, नाव विचारून."

राजा ओल्या फरशीवर तिच्याशेजारी बसला. "मलाही सांगा, आई. मला फार उशीर झाला."

"सगुणा."

"सगुणाबाई, तुम्ही आमचं फार केलंत. मी तुमचा अपमान केला."

तेव्हा तिने हात पुढे केला. आणि राजाला राणीचा चेहरा दिसला, निघतानाच्या सकाळचा. अंबारीत ती त्याच्या हातावर हात ठेवून म्हणत होती, "थोडं खाली उतरू या ना. निरोप तरी घेऊ." आणि तो म्हणाला होता, "पुढच्या खेपेला."

शाप सुटला. राजा परतला, दरबार भरला, राज्य मार्गी लागलं. ती सकाळ मात्र त्याला रोज आठवायची. तेवढी एक विसरता आली असती तर बरं, असं तो कधीच म्हणाला नाही.