भिवरा कोष्टिणीचा करवतकाठ

दुपारचे तीन. कोसारी गाव, कोष्टीपुऱ्यातलं शेवटचं घर. मागावर एक लुगडं, विणायचं हातभर उरलेलं. दारात मालगुजाराचा कारभारी आणि त्याचा कोयतेवाला गडी.

आपल्या खापरपणज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. भिवरा कोष्टीण कोशाच्या रेशमी लुगड्याला करवतीच्या दातांसारखा काठ विणायची. गावच्या जमिनीचा धनी असलेल्या मालगुजाराचा हुकूम होता, तो काठ फक्त त्याच्या घरच्या बायकांनी नेसायचा. दुसरीकडे दिसला तर कापायचा. आणि भिवरा विणत होती ते लेकीसाठी. सगुणाचं लग्न त्याच संध्याकाळी होतं.

चालत्या मागाला लोखंड लावायचं नाही, ही रीत कारभारीही मोडेना. तो उंबऱ्यावर बसून म्हणाला, "चालव भिवरे. थांबशीलच ना कधी? अगं, विणणाऱ्यानं विणावं, नेसणाऱ्यानं नेसावं."

"मंग मालकीणबाईले सांगा, एक दिवस येऊन धोटा फेकून पाहा म्हणा."

गडी हसला. कारभाऱ्यानं त्याच्याकडे पाहिल्यावर कोयत्याची धार तपासू लागला.

दोन बाजूंचे काठ, म्हणून मागावर दोघी लागतात. जोडीला बसलेली जाऊ कोयता पाहून मागच्या दारानं पळाली होती. भिवरा एकटी उरली. उजव्या काठाचा धागा नेणारा धोटा टाकावा तर डावा थांबतो, आणि माग थांबला की काठ गेला. असं म्हणतात, तिनं डोळे मिटले आणि उजवा धोटा टाकला. डावा आपला आपण परत आला. दिवस मावळतीला येईपर्यंत येत राहिला.

शेवटचा धागा बसला. माग थांबला. गड्यानं कोयता काठावर ओढला. काठाचा एकही धागा तुटला नाही. कोयत्याच्या पात्यालाच करवतीसारखे दाते पडले, असं म्हणतात. गडी तो तिथंच टाकून पळाला. सगुणा तेच लुगडं नेसून बोहल्यावर चढली.

आज तो काठ शहरातल्या नवऱ्या नेसतात, कॉलेजातल्या पोरी त्याची जाकिटं शिवतात, यंत्रावर छापलेला काठही हातमागाचा म्हणून खपतो. कोसारीत मात्र नवं लुगडं मागावरून उतरलं की आधी विणणारीची लेक ते नेसून गावभर फिरते, भिवराचं नाव घेते. मगच ते विकायला जातं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भिवराच्या मागाखालचा, विणताना पाय सोडून बसायचा खड्डा मातीनं काठोकाठ बुजवलेला सापडला. भिवरा पुन्हा कुणाला दिसली नाही. ती माती कुणी टाकली, हे मालगुजाराच्या घराण्यानं आजवर सांगितलेलं नाही.