नववीतून आलेले एकवीस

१९ जून, बुधवार. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, उकाडा असह्य. पालिकेच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका इंदुमती भोसेकर आपल्या कार्यालयात सुनावणीला बसल्या होत्या. त्यांची शाळा बंद करून इमारत शेजारच्या खासगी विद्यालयाला द्यायची का, हे शिक्षणाधिकारी आज ठरवणार होते. व्हरांड्यात मुलं दप्तरं पोटाशी धरून चिडीचूप बसली होती.

विद्यालयाचे अध्यक्ष धैर्यशीलराव खुर्चीत ऐसपैस रेलले. “साहेब, आमचा दहावीचा निकाल सलग अकरा वर्षं शंभर टक्के. यांचा बासष्ट! बाई, पोरांचं वाटोळं किती दिवस करणार? आजपासून सगळी मुलं आमची. एकालाही नाही म्हणणार नाही.”

 बाईंनी कपाटातला दाखल्यांचा गठ्ठा साहेबांपुढे ठेवला.

“मग या एकवीस जणांपासून सुरुवात करू. नववीत कच्ची निघाली म्हणून यांच्याच विद्यालयानं दाखला हातात देऊन ही मुलं आमच्याकडे धाडली. यंदा ती दहावीला त्यांच्याच विद्यालयातून बसतील, एवढं अध्यक्षांनी लिहून द्यावं.”

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. धैर्यशीलराव दाखले चाळत राहिले.

“त्यांचं... पुढच्या वर्षी बघू की.”

“पुढच्या वर्षी कशाला, अध्यक्षमहाराज?” बाई म्हणाल्या. “शंभर टक्केवाले तुम्ही, एकवीस पोरांना भिता होय?”

कागद कोराच राहिला. विद्यालयानं इमारतीसाठी केलेला अर्ज मागे घेतला. दुपारी तीन वाजता शाळा चालू ठेवण्याच्या आदेशावर सही झाली. पटावर त्या एकवीस जणांसह एकशे चार मुलं होती.