ठकूची विरळ कणगी

फार वर्षांपूर्वीची, कोंडसड्यावर औषधालासुद्धा झाड नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर तुमचं तुमच्यापाशी, आम्ही ऐकली तशी सांगतो. नुसता काळा कातळ, आणि त्यावर चार भिंतींची शाळा. चैत्रात कातळ असा तापायचा की पोरं भोवळ येऊन पडायची. शेवटी अप्पा खोतांनी सांगून टाकलं, "दोन चैत्र वाट बघतो. सावली झाली नाही तर शाळा ओढ्यापलीकडे खालच्या वाडीत नेणार." त्या ओढ्याला पावसाळ्यात चार महिने उतार नसायचा, ओलांडताच यायचा नाही. शाळा खाली गेली की सड्यावरच्या पोरांचं शिकणं संपलंच म्हणायचं.

ही गोष्ट सगळ्यांत जास्त लागली ती ठकू बुरडिणीला. तिच्या सात पिढ्यांत पाटीला हात लागला होता तो एकट्या नातीचा, दुरपाचा.

मास्तर पोरांना म्हणाले, "सावलीला झाड हवं, झाडाला माती हवी. ती आपणच करू." ओढ्याकाठचा पाला, साली, शेण कुजवायला पोरांनी बांबूची मोठी कणगी करायची ठरवली. दुरपानं तिचं चित्र पाटीवर काढून घरी आणलं. चित्रातल्या कणगीला भोकंच भोकं.

"आजी, कुजायला वारा लागतो."

"अगो, कणगीतून उजेड दिसला तर बुरडाचं नाक कापलं! मला विणकाम शिकवतेस होय?"

ठकूच्या टोपलीतून पाणी नेलं तरी थेंब गळत नसे, असं म्हणतात. तिनं घट्ट कणगी विणली आणि भाताच्या कणगीसारखी आतून-बाहेरून शेणानं सारवली. पोरांनी ती भरली. पंधरवड्यात अशी घाण सुटली की गुरंसुद्धा वळसा घालून जाऊ लागली. खोत नाकाला उपरणं लावून म्हणाले, "सावली राहिली बाजूला, शाळा वासानंच उठेल!"

दुरपा घरी आली आणि तिनं पाटी फळीवर ठेवून दिली. ठकूनं ते पाहिलं. हट्ट आपला आणि शिक्षा पोरीला! दुसऱ्या दिवशी तिनं कोयता घेतला आणि आपल्या हातची कणगी सगळ्यांसमोर उभी चिरली.

"पोरांनो, मीच त्या पाल्याचा गळा आवळला. आता तुम्ही सांगाल तशी विणते."

पण साठ वर्षांची सवय ती. हात आपोआप घट्ट ओढायचा. मग पोरांनी बांबूच्या दोन-दोन कामट्यांच्या मध्ये आपली बोटं धरली. बोटं चेंगरतील म्हणून ठकू भीत भीत विरळ विणू लागली. उरलेली अर्धी कणगी पोरांनीच विणली आणि कातळाच्या एका भेगेवर ती बसवली. खाली सुका पाला, वर ओला, मध्ये शेणकाला, आणि आठ-आठ दिवसांनी काठीनं ढवळायचं.

या वेळी ना घाण, ना माशी. फाल्गुनात काळीभोर माती झाली. टोपल्यांवर टोपल्या काढल्या तरी कणगी रिती होईना, असं म्हणतात. पोरांनी त्या कणगीतच करंजाचं रोप लावलं.

आणि आषाढात आभाळ फाटलं. भोकाभोकातून माती वाहून जाऊ लागली. ठकू धावली, कणगीला मिठी मारून बसली आणि पाठीवर पाऊस घेत तिनं भोकांत बोटं घातली. दुरपा ओढायला गेली तर म्हणाली, "जा गो घरात! माती गेली तर शाळा गेली." तीन दिवस ती हलली नाही. तिच्या बोटांना मुळं फुटली आणि ती मुळं कातळाच्या भेगेत उतरली, असं म्हणतात. कुणी म्हणतात, मुळं करंजाचीच होती. आम्ही दोन्ही खरं मानतो.

पाऊस थांबला, पण ठकू तापानं फणफणली. दुरपानं सुपात मूठभर माती पसरली, आजीचं बोट धरलं आणि एक अक्षर काढलं.

"हे माझं नाव?"

"पहिलं अक्षर, ठ. उरलेलं उद्या."

ठकू हसली. पण सकाळी ती उठली नाही.

पुढच्या चैत्रात करंज शाळेच्या कौलांवर गेला होता. एका वर्षात! खोत आले, सावलीत बसले, डोळे पुसले आणि शाळा हलवायचा विषय न काढता निघून गेले.

अजूनही कोंडसड्याच्या शाळेत मोठी पोरं दरसाल विरळ कणगी विणतात. दुसरीकडे मुलं आधी श्री गिरवतात. इथं नव्या पोराचं बोट मोठी मुलगी धरते आणि सुपातल्या मातीत ठ काढून घेते. मग त्याच्या कानाशी म्हणते, "उरलेलं उद्या."

आणि दुसऱ्या दिवशी एकही पोर घरी राहत नाही.