दगडापाशी बसलेला मासा

"पण गुरुजी, या दोन जाती वेगळ्या नाहीत तर काय?" यदुनाथचा आवाज चढला.

काचेच्या टाकीत बोटाएवढे सिक्लिड मासे होते. बहुतेक राखाडी, कोपऱ्यात दबून राहिलेले. सोनेरी एकच. त्याच्या कपाळावर काळी रेघ होती, आणि दगडापाशी तो असा बसला होता, जणू टाकी त्याच्या बापाचीच.

नेने गुरुजींची हयात माशांचं वर्गीकरण करण्यात गेली होती. त्यांनी होकार दिला, तर ही सोनेरी जात नवी ठरणार होती आणि यदुनाथ तिला आपल्या वडिलांचं नाव देणार होता. वडील वर्षापूर्वी गेले. कपाळावरची आठी न मोडता घर चालवणारा माणूस. त्यांच्यापुढे यदुनाथने कधी ब्र काढला नव्हता. पण जीव होता त्याचा त्यांच्यावर, फार होता.

"पुरावा?" गुरुजींनी विचारलं.

नव्या जातीचा एक मासा मारून बरणीत कायमचा ठेवायचा, हा या विद्येचा रिवाज. यदुनाथने सोनेरी मासा काढून स्पिरिटमध्ये घातला. खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

सकाळी कुलूप उघडलं, तर दगडापाशी सोनेरी मासा बसलेला! कपाळावर तीच रेघ.

बरणीतला बरणीतच होता. कोपऱ्यातला एक राखाडी मात्र कमी झाला होता.

यदुनाथने कुलूप पुन्हा तपासलं. "कुणीतरी खोडसाळपणा..."

गुरुजींनी कोपऱ्यातले उरलेले राखाडी मोजले.

त्याने तोही काढला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच: दगडापाशी सोनेरी, कोपऱ्यात आणखी एक राखाडी कमी. यदुनाथ इरेला पेटला. फळीवर बरण्या वाढत गेल्या. स्पिरिटमध्ये एकेकाचा रंग उतरायचा, रेघ तेवढी राहायची. उघडे डोळे त्याच्याकडे लागलेले असायचे.

गुरुजींनी त्याला एकदाही अडवलं नाही.

शेवटी टाकी रिकामी झाली.

"आता बघतोच, कोण बसतो दगडापाशी!" म्हणत यदुनाथ टाकीवर वाकला...

आणि तसाच थिजला.

दगडाशेजारी, काचेत, एक चेहरा होता. कपाळावर खोल आठी. यदुनाथने हात कपाळाला लावला. काचेतल्यानेही लावला.

"गुरुजी..." त्याला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "काचेत... बाबा आहेत."

गुरुजींनी फळीवरची एक रिकामी बरणी उचलली आणि हलकेच त्याच्यापुढे ठेवली.

"नीट बघ," ते म्हणाले. "वेगळी जात आहे का?"