धुरपदाचा भोंगा

बागेतल्या झोपाळ्यांना लाकडी फळ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या बागेत धुरपदा नावाची डिझेलवरची छोटी आगगाडी होती. बिचारी खोकत, धडधडत फिरायची. तिचा आवाज आला की बोगद्याच्या गारव्यात झोपलेली खारी नावाची कुत्री पिलाला तोंडात धरून बाहेर यायची.

मग विजेवरची दामिनी आली, आणि धुरपदाला कुंपणाशी उभं केलं.

"मावशी, किती गं तुझा तो धूर! मी बघ, शेजारून गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही."

"गुणाची आहेस पोरी. पण बोगद्याशी आवाज देत जा. आत खारी निजलेली असते."

"शांत गाडी म्हणून लोक माझं कौतुक करतात. मी नाही बाई गावंढळासारखी ओरडणार!"

दामिनी अलगद बोगद्याकडे वळली. भोंगा वाजवायला धुरपदाने सगळा जीव एकवटला, पण टाकीत डिझेलचा थेंब नव्हता. आतून एकच केकाटणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी माणसांनी धुरपदाचा भोंगा काढून दामिनीला बसवला आणि धुरपदाला भंगारात घातलं. तेव्हापासून दामिनी दर फेरीला बोगद्यापाशी मावशीच्या आवाजात हाका मारते. आतून कुणी बाहेर येत नाही.