रेषेबाहेरचा खड्डा

"मग सही का करत नाही, मास्तर?"

देवयानीने तिसऱ्यांदा विचारलं. चाळीस एकरांवर वसाहत उभी राहायची होती. त्यात पाणथळ किती आणि भराव कुठवर चालेल, हे सांगणारा तिच्या नावाचा हा पहिलाच अहवाल. उद्या सकाळी तो परवानगीच्या अर्जाला जोडायचा होता. नाही जमलं तर दुसऱ्याला काम देऊ, असं बिल्डरने फोनवर अगदी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

इनास मास्तरांनी उभं आयुष्य खाडीकाठच्या जमिनी तपासण्यात घालवलेलं. हे काम तिला शिकवलं त्यांनीच, आणि अहवालावर दुसरी सहीही त्यांचीच हवी होती. ते तिने रोवलेले लाल झेंडे बघत होते. झेंड्यांच्या आत पाणथळ, बाहेर कोरडं.

"खड्डे किती खणलेस?"

"बावीस. प्रत्येकाची माती पाहिली, नोंदली. एक नोंद चुकीची दाखवा."

"सगळे झेंड्यांच्या आत?"

"हो. बाहेर कोरडंच आहे. उपग्रहाच्या फोटोत स्पष्ट दिसतं."

"फोटोला वास येतो का गं?"



मास्तरांनी चपला काढल्या. झेंडे ओलांडून पिवळ्या गवतातून चाळीस पावलं गेले, उकिडवे बसले आणि खुरप्याने हातभर खणलं. वर आलेली माती त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवली.

राखाडी माती. मुळांच्या कडेने गंजासारख्या रेघा. नासक्या अंड्याचा वास. वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली राहणारी जमीन, यात तिला शंका उरली नाही.

"हे मला येत होतं, मास्तर."

"म्हणून तर मी काही शिकवत नाहीये."



तिने माती खाली ठेवली, हात ओढणीला पुसले आणि बिल्डरला फोन लावला.

"अहवाल उद्या मिळणार नाही. दुसरं कुणी बघायचं तर बघा. मी पुन्हा मोजणार आहे."

पलीकडचं बोलणं तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फोन ठेवला, आणि एकेक झेंडा उपटायला लागली. मास्तर बांधावर बसून राहिले; मदतीला उठले नाहीत.

सगळे झेंडे काखेत मारून ती त्यांच्यासमोर आली.

"सुरुवात कुठून करू?"

मास्तरांनी चपलेत पाय सरकवले.

"जिथं कोरडं आहे अशी तुझी खात्री आहे, तिथून."