वेशीवरची म्हैस

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात एका रस्त्याला दोन फाटे फुटत, आणि दोन्ही फाट्यांवरच्या गावांत गुरांचा बाजार भरे. मी दुकानदार माणूस, म्हणून सांगतो, शेजारी गर्दी आणि आपल्याकडे शुकशुकाट, याच्यासारखी पोटदुखी दुसरी नाही.

एका गावाला हीच पोटदुखी जडली होती. कळप यायचे आणि पलीकडच्या गावाकडे वळायचे. आणखी एक हंगाम असाच गेला तर बाजार बंद करा, असा राजाचा निरोपही येऊन पोचला होता.

तेव्हा व्यापाऱ्यांनी वेशीच्या भिंतीवर एक झकास म्हैस रंगवून घ्यायचं ठरवलं. चितारी बोलावला. गावची रीत अशी, की सामाईक कामाला प्रत्येक दुकानाने आपापला माल द्यायचा. हळदवाल्याने हळद दिली, कुंकूवाल्याने कुंकू, नीळवाल्याने नीळ आणि कोळसेवाल्याने कोळसा.

चिताऱ्याने कोळशाने एकच लांब रेघ ओढली, ती पाठ झाली. पोटाची रेघ जरा खाली झुकवली, तर म्हैस गाभण आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं. काळ्या रंगात भाताचा कोंडा कालवून त्याने अंग खरखरीत केलं. कानाच्या आत थोडं कुंकू, शिंगांखालच्या सावलीत थोडी नीळ, आणि डोळ्यात हळदीचा एक ठिपका.

रंग वाळतो न वाळतो तोच गावातली एक खरीखुरी म्हैस आली आणि भिंतीला पाठ घासून गेली.

कोळसेवाला मिशीला पीळ देत फिरू लागला. हळदवाल्याला ते काही बघवेना.

"काय हो चितारी, मी पोतंभर हळद दिली ती या एवढ्याशा ठिपक्यासाठी?"

"शेठ, त्या ठिपक्यावर बोट ठेवून बघा. म्हैस मरते."

"बोटं कसली ठेवायला सांगता? उरलेली हळद लावा. आणि अंग गुळगुळीत करा, पाहुण्यांच्या हाताला टोचेल."

हळदवाल्याने तोंड उघडल्यावर कुंकूवाला कसा गप्प बसेल? त्याने चारही पाय मागितले. नीळवाल्याने शिंगं मागितली. चिताऱ्याने कुंचला त्यांच्याच हातात दिला आणि देवळात जाऊन आडवा झाला.

बाजाराचा दिवस उजाडला. मोठा कळप आला. पुढे चालणारी म्हातारी म्हैस वेशीपाशी थबकली. त्या काळी गुरं बोलत.

"मालक, ही कोण?"

मालकाने डोळे बारीक केले. "म्हैस असावी. निदान गावाचं म्हणणं तसं दिसतंय."

"पिवळं अंग, लाल पाय, निळी शिंगं. कुणीतरी वरातीला निघालीय. बोलावणं नसताना आपण कशाला मध्ये जायचं?"

ती वळली. तिच्यामागे अख्खा कळप वळला, पलीकडच्या गावाकडे.

हळदवाला धोतर सावरत देवळात धावला. "चितारी, उठा. तुमची म्हैस परत आणा."

"आणि तुमची हळद?"

"तुम्ही घालाल तेवढी. पण उठा आधी."

भिंत पुन्हा पांढरी झाली. तीच रेघ, तोच कोंडा, तोच ठिपका. पुढच्या बाजाराला म्हातारी म्हैस आली, भिंतीकडे पाहत उभी राहिली, मग तिने आरामात पाठ घासली. "घरचीच आहे," म्हणाली आणि आत शिरली. बाजार असा भरला की राजाचा निरोप्या स्वतःच एक रेडकू घेऊन परत गेला.

तेव्हापासून हळदवाला येणाऱ्या प्रत्येकाचा दंड धरून त्याला वेशीपाशी न्यायचा. "इथे बोट ठेवा. मेली? आता काढा. झाली जिवंत? ती हळद आपल्या दुकानची."

इतकी बोटं लागून ठिपका पुसट होई. मग बाजाराच्या सकाळी शेठ स्वतः चिमूटभर हळद भिजवून तो उजळायचा. चिमूट जरा मोठी झाली, तर जास्तीची हळद निमूट डब्यात परत टाकायचा.

तात्पर्य: चित्रात कुठला रंग किती लागला हे मोजू नये, लागला तिथे त्याने काय केलं हे पाहावं.